तो शब्द माणसाला लावत नाहीत

कोल्हापूर,
ता. ४ जानेवारी १९५४

चि. सौ. लीला हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

मला ओळखलंस का? तुझ्या बापाची आई. विसरायची तुझी खोड जुनीच. शाळेत पाटी विसरायचीस, आता आजी विसरलीस. सहा महिन्यांत एक कार्ड नाही. मला वाचता येत नाही हे खरं, पण वाचून घेता येतं की! हे पत्र शेजारच्या कालिंदी मास्तरीणबाई लिहितायत. मी सारखी उठते, दारात जाते, परत येते, म्हणून कावल्यात. "आजी, एका जागी बसा हो, टाकातली शाई वाळली."

इकडं सारं ठीक. ऊस तुटला. तुझ्या बापाचा, सयाजीचा, गुडघा धरलाय, पण जीभ मोकळी आहे.

परवा जावईबापूंचं कार्ड आलं. संक्रांतीला तुला पाठवत नाहीत. तुला अजून ताकद 'रिकूप' करायची आहे म्हणे. सासऱ्याला मराठीत लिहायचं आणि भाकरीत खडा यावा तसा मध्येच हा शब्द! सयाजीला वाटलं, औषधाचं नाव असंल. शेवटी बाईंनी जाडं पुस्तक काढलं. गेलेलं भरून काढणं, असा अर्थ निघाला. धंद्यातली खोट, आजारात गेलेली ताकद, अशाला वापरतात म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि माणूस गेलं तर?"

"नाही आजी. माणसाला तो शब्द लावत नाहीत."

तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही.

तुला कळवायचं नव्हतं, पण त्याच दुपारी म्हशीचं रेडकू मेलं. सयाजीनं त्याच्या कातड्यात पेंढा भरला आणि तिच्यापुढं उभं केलं. म्हस चाटत राहिली, तिनं पान्हा सोडला. चरवी भरली. "बघ आई, दूध कुठं बुडलं न्हाय," म्हणाला. आपल्या घरात हे कायमचंच. मी कधी मान वळवली नव्हती. त्या दिवशी मात्र त्या दुधाचा चहा तसाच ठेवून उठले.

लिहा बाई, थांबू नका.

लीला, तुझं बाळ पाचव्या दिवशी गेलं. बाराव्या दिवशी तू जात्याजवळ बसली होतीस, चोळी पुढून भिजलेली. मी ती बघितली. बघूनही चार बायकांत म्हणाले, "रडतीस कशाला? वरसात भरून निघंल." दुसऱ्या दिवशी तू माझ्या पाया न पडता गाडीत बसलीस. मी गल्लीभर सांगत सुटले, पोरगी विसरली. तू काही विसरली नव्हतीस.

सयाजीच्या आधी मला एक मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आत गेली. माझ्या सासूनं तेव्हा मला हेच ऐकवलं होतं. मग सयाजी झाला, पाठोपाठ आणखी दोघं झाले. भरलं नाही गं. हे ठाऊक असून मी तुला बोलले.

ये म्हणत नाही. तुझं तू ठरव.

खाली अंगठा उठवलाय. पुसट आलाय, पण माझाच आहे.

तुझी चुकलेली,
आजी

ता. क. तिळगूळ पाठवू नकोस. 'गोड बोला' म्हणायला मला तोंड नाही. तुझ्या हातच्या सांडगी मिरच्या पाठव, चांगल्या जहाल. डोळ्याला पाणी आलं तर घरात मिरचीचं नाव सांगता येईल.