कपाटामागचे मासे

रविवार, ९ मार्च

तीर्थरूप आईंस,

साष्टांग नमस्कार. साष्टांगात दोन्ही गुडघे धरतात. माझे सध्या संपावर आहेत, तेव्हा उरलेल्या सहा अंगांचा स्वीकार व्हावा. बाकी प्रकृती उत्तम. तुमच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढल्याचं कळलं, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही.

पत्राला निमित्त तुमची धाकटी कन्या. माझी ही मेहुणी मागच्या महिन्यात दोन तास येऊन गेली, चहा प्यायली, भिंतींकडे बघून चारदा "अगंबाई" म्हणाली, आणि तुमच्याकडे जाऊन तिने काय सांगितलं तेही माझ्यापर्यंत पोचलं आहे. "भाऊजींच्या डोक्यावर परिणाम झालाय. घरभर भंगार टांगलंय." हा झाला पूर्वपक्ष. आता उत्तरपक्ष ऐकावा.

भंगार नव्हे, धातूची भित्तिशिल्पं. शब्द जड आहे, मान्य. वस्तूही जड आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हॉटेलांत, बँकांत, डॉक्टरांच्या बसायच्या खोल्यांत भिंतीवर पितळेची, तांब्याची, लोखंडी पत्र्याची अशी कामं लावायची टूम होती. आता त्या इमारती पाडताहेत, आणि हे सगळं त्यांच्या मागच्या दारी येऊन पडतं. तिथे मी उभा असतो. आजमितीस माझ्याकडे चौदा आहेत. धाकटीने अकरा सांगितली असतील; न्हाणीघरात ती गेली नव्हती.

जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला पाच गलबतं आहेत, पातळ पितळी शिडांची. ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यातून आली, आणि त्यांच्याकडे पाहिलं की माझं तोंड अजून आपोआप उघडतं. दारासमोर खिळ्यांचा सूर्य आहे. खरेच खिळे, तीनशेच्या वर, एका तबकडीभोवती जोडलेले. धाकटीचा स्वेटर त्याच्यात अडकला होता. तिच्या मताचा उगम तिथे असावा.

या छंदाचा पहिला नियम असा की वस्तू आधी उलटी करून बघायची. समोरून सगळेच छान दिसतात. जोड कुठे आहे, कोणी कुठे घाईने आटपलंय, काय मागाहून चिकटवलंय, ते पाठीवर कळतं. हा नियम मला वेल्डिंगवाल्या बाईंनी शिकवला. त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

आधी एक जुना गुन्हा कबूल करतो.

आमच्या लग्नात तुम्ही मासे दिलेत. सतरा तांब्याचे मासे, तीन नागमोडी सळ्यांवर, सगळे उजवीकडे निघालेले, लांबी पाच फूट. आई, मला ते पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. तुमच्या बेबीला तर मुळीच नाहीत. "उजवीकडे स्वयंपाकघर आहे," ती म्हणायची, "बिचाऱ्यांना कुणीतरी सांगा." बावीस वर्षं ते मासे कपाटामागे उभे होते. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आम्ही ते काढायचो, एक टोक धरून मी शिडीवर, दुसरं धरून ती स्टुलावर, आणि दिवाणखान्यातल्या दोन खिळ्यांवर चढवायचो. तुमची गाडी कोपऱ्यावर वळली की पुन्हा खाली. "अहो, नीट धरा, आईचे मासे आहेत!" असं मला दटावायची आणि स्वतःच हसून टोक सोडायची. आमच्या संसारात इतक्या नियमाने दुसरं काहीही झालं नाही.

ती गेली त्या वर्षी तुम्ही यायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी मी सवयीने शिडी काढली. एक टोक उचलून वर चढलो. दुसरं टोक धरायला कोणी नाही, हे मला तिसऱ्या पायरीवर कळलं. मासे घसरले. एक निखळला, त्याच्यावर शिडी पडून तो पार चेपला, आणि मी फरशीवर बराच वेळ बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, दोन रिकाम्या खिळ्यांकडे पाहिलंत, आणि चहात साखर कमी आहे म्हणालात. ती साखर मी विसरलेलो नाही.

पुढे धीर करून, दीड वर्षापूर्वी, मासे दुरुस्तीला नेले. आमच्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत बाईंचं वर्कशॉप आहे. वडिलांचं होतं, आता त्यांचं. जिने, कठडे, फाटकं करतात. वय माझ्याइतकंच, पन्नाशीच्या पलीकडलं. मनगटापर्यंत ठिणग्यांचे बारीक डाग. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणतात, "ऑर्डरी होत्या." त्यांनी मासे उलटे ठेवले आणि एकेक जोड अंगठ्याने चाचपला.

"कुणी आणलेत हे?"

"सासूबाईंनी दिलेत."

"त्यांची नजर चांगली आहे. तुमची नाही. भिंतीला चिकटवून लावत होतात ना?"

मग त्यांनी ते सळ्यांसकट उचलून खिडकीजवळच्या भिंतीपासून चार बोटं पुढे धरले. आई, उन्हात त्या सोळा माशांच्या मागे सोळा काळे मासे उतरले, आणि बाईंनी हात जरा हलवल्याबरोबर सगळे पोहायला लागले. "सावलीसाठी केलेलं काम असतं हे, मास्तर," त्या म्हणाल्या. मी मास्तर नाही, मुद्रितं तपासतो, हे मी सांगितलं. "तेच ते. चुका काढता ना?"

बावीस वर्षं जे कपाटामागे उभं होतं, ते मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. छंद लागला तो तिथे. सतरावा मासा नवा करावा लागेल, तांब्याचा रंग जुळायला वेळ लागेल, असं ठरलं, आणि मी वाट बघू लागलो. मधल्या काळात गलबतं दुरुस्तीला नेली. मग सूर्य नेला. चौदा वस्तूंपैकी तेरांमध्ये काही ना काही बिघाड निघाला, हा योगायोग धाकटीच्या लक्षात आला नाही. तुमच्या एव्हाना आला असेल.

बिंग फुटलं ते पाणपक्ष्यांच्या वेळी. लोखंडी तारांवर सहा पक्षी. एकाचा पंख तुटलेला. बाईंनी तुटका सांधा उजेडात धरला.

"कधी तुटला?"

"जुनाच आहे. मिळाला तेव्हापासून."

"जुना सांधा काळा पडतो. हा चकाकतोय."

"म्हणजे... परवा पडला."

"पडला तर वाकेल. हा कानशीने घासून तोडलाय. आणि कानसही नवी आहे, मास्तर, अजून तिचे दात शाबूत आहेत."

दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं तीस वर्षं पोट चाललंय. इतक्या स्वच्छ पुराव्यासकट मला कुणी पकडलं नव्हतं. बाईंनी डोक्यावरची काळी काच खाली ओढली. हसू लपवायला असावी, कारण यंत्र बंद होतं. काचेआडून म्हणाल्या, "पुढच्या वेळी नुसते या. चहा मिळवायला पक्षी मोडावे लागत नाहीत."

तेव्हापासून नुसता जातो.

मागच्या आठवड्यात मात्र मी विचारलं, मासे कधी होतील? त्यांनी दारामागची चादर ओढली. सतराच्या सतरा, भिंतीवर, उजवीकडे निघालेले.

"कधी झाले?"

"तुम्ही आणलेत तेव्हाच. आठ दिवसांत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत का?"

आई, आता फार वेळ टाळता येत नाही. आम्ही दोघं लग्न करायचं म्हणतो आहोत. कचेरीत सह्या करून, गाजावाजा न करता. पण बाईंची एक अट आहे. "मासे तुमच्याकडे मी घेऊन येईन, लावायलाही येईन. पण ज्यांनी दिलेत त्यांना आधी विचारा." कशाबद्दल विचारू, म्हटलं. "माशांबद्दल." आणि थोड्या वेळाने, कानशीकडे बघत, "आणि दुसऱ्या टोकाबद्दल." त्या दिवशीची शिडी मी त्यांना सांगितली होती.

तर विचारतो आहे. तुम्ही नाही म्हणालात तर वाद घालणार नाही. बेबी तुमची होती, आणि तिच्या जागेबद्दल बोलायचा तुमचा हक्क माझ्याआधीचा. पण खरी धास्ती वेगळीच आहे. बेबीमुळे तुम्ही माझ्या सासूबाई झालात. दुसरं लग्न केल्यावर तुम्ही माझ्या कोण, याचा निर्णय मी जेवढं शिकलो त्यात कुठेच सापडत नाही. माझी आई गेल्याला तीस वर्षं झाली. "जावईबापू, गप्प बसा" असं मला म्हणणारं माणूस या जगात आता एकच उरलं आहे, आणि ते घालवून बसायची माझी तयारी नाही.

साखर या वेळी भरपूर आणून ठेवली आहे.

आपला,
जावई
(हे पद पुढे चालू ठेवावं किंवा कसं, ते कळवावं.)

❋

रविवार, ६ एप्रिल

तीर्थरूप आईंस,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं धाकटीकडून कळलं. "आई सारखी सावल्या, सावल्या करतेय, तुम्ही तिलाही बिघडवलंत," अशी पुस्तीही मिळाली. तिला एखादं लहानसं शिल्प पाठवावं म्हणतो. खिळे नसलेलं.

तुमचं कार्ड मी जपून ठेवलं आहे. एवढी आटोपशीर मुद्देसूद रचना आमच्या छापखान्यात वर्षभरात येत नाही. "पत्र मिळालं. अक्षर मोठं, मजकूर त्याहून लांब. मासे कपाटामागे असतात हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. बारा महिने टांगलेल्या वस्तूमागची भिंत वेगळी दिसते, तुमची दिसत नव्हती. मलाही ते कधी आवडले नाहीत. माझ्या नणंदेने दिले होते, दोन वर्षं पलंगाखाली होते, मग तुमचं लग्न निघालं. शनिवारी येते. आदल्या दिवशी काही टांगू नका. माझ्यासमोर टांगा, दोघांनी."

हे मी वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. पलंगाखालच्या ओळीला बाईंच्या हातातला हातोडा खाली पडला. मग त्यांनी शेवटचा शब्द पुन्हा वाचायला लावला. मी वाचला. उरलेली दुपार त्यांनी एकाच कठड्याला दोनदा रंग दिला.

बावीस वर्षं, आई! आम्ही तुमच्यासाठी लपंडाव खेळत होतो आणि तुम्ही आमच्यासाठी. तुम्ही कौतुकाने त्या माशांसमोर उभ्या राहायच्या तेव्हा काय चाललं असायचं तुमच्या मनात? बेबीला हे कळलं असतं तर ती स्टुलावरून पडली असती. हे मनात आलं आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. तिच्या आठवणीने इतकं हसू यायची ही पहिलीच वेळ.

शनिवारची हकीकत तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहितो, कारण तुमचं लक्ष भिंतीकडे होतं आणि माझं तुमच्याकडे. तुम्ही खुर्ची बरोबर मधोमध ओढून बसलात. शिडीवर मी, स्टुलावर बाई. "डावं वर. फार झालं. अजून एक बोट खाली." मी म्हटलं, आई, सरळच आहे, मी डोळ्यांनी बघतोय. आणि तुम्ही म्हणालात, "जावईबापू, गप्प बसा आणि धरा."

माझ्या प्रश्नाचं उत्तर कार्डावर नव्हतं. ते मला शिडीवर मिळालं. मी धरलं.

मग तुम्ही नवा मासा ओळखायला निघालात. चष्मा कपाळावर, नाक तांब्याला लावून, बोटाने एकेक मासा चाचपत. तिसरा म्हणालात. तो अकरावा आहे. "ओळखू येत नाही ना? मग झालं," म्हणून तुम्ही बाईंचा हात ओढून घेतलात आणि उलटसुलट करून पाहिलात, अगदी आम्ही शिल्प बघतो तसा.

"भाजतं का गं?"

"भाजतं कधीकधी."

"मग हातमोजे घालत जा. आमच्या बेबीचंही हेच, ऐकायची नाही."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये कामाला आलेल्या माणसाने विचारलं, बाई, हे कोपरापर्यंतचे हातमोजे कशाला? "घरचे ओरडतात," त्या म्हणाल्या. मी गल्लीच्या तोंडाशी होतो, मला ऐकू आलं.

सह्या पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी. साक्षीदार तीन लागतात. एक वर्कशॉपमधून येईल. एक तुम्ही. धाकटी तिसरी, असं तिने स्वतःच जाहीर केलं आहे, पण स्वेटर न घालता येईन म्हणाली.

आता एकच सांगायचं राहिलं. तुमची गाडी कोपऱ्यावर वळली, आणि मी आत येऊन शिडी काढली. भिंतीला लावली, दोन पायऱ्या चढलोही. मागून बाईंचा आवाज आला, "आता शिडी कशाला?"

मी बघत राहिलो. चार वाजले होते, ऊन खिडकीतून तिरपं आलं होतं, आणि चार बोटं मागे भिंतीवर सतरा काळे मासे हळूहळू स्वयंपाकघराकडे निघाले होते. तिने चहा ठेवायला तिकडेच पाऊल टाकलं होतं.

शिडी परत माळ्यावर ठेवली.

आठही अंगांनी नमस्कार. गुडघे आज कुरकुरले नाहीत. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटला आहे, तो तिचा. पुसू नका म्हणाली, तोच तिचा नमस्कार.

पूर्ववत्,
तुमचा जावई