मिस व्हिसलचा शेवटचा अंक

क्वीन्स, न्यूयॉर्क
८ सप्टेंबर १९८५

प्रिय लीडा,

कशी आहेस? अँडीचा गुडघा कसा आहे? ख्रिसमसच्या कार्डाखेरीज माझं पत्र पाहून तू दचकली असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. म्हणजे अजून तरी नाही.

इथे सगळं ठीक. खाली तोच ग्रीक बेकरीवाला, वर तीच पियानो बडवणारी बाई. माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. डॉक्टर म्हणाले, चित्रं जरा मोठी काढत जा. मी म्हटलं, कागद कंपनीचा असतो, मापही तिचंच.

बातमी अशी की 'मिस व्हिसल' ही आपली चित्रकथा बंद होतेय. चोवीस वर्षं चालली, हेही पुष्कळ झालं. अंक दोनशे बारा हा शेवटचा. नुसतं बंद करायचं असतं तर मी दोन दिवस दारं आपटून गप्प बसलो असतो. पण कंपनीने यंदा 'महाग्रहण' नावाची एक अवाढव्य गोष्ट काढलीय. ती आमच्या झाडून सगळ्या मासिकांतून एकाच वेळी चालते. आकाशातून एक काळं कडं उतरतं आणि शहरंच्या शहरं गिळत सुटतं. एका नायकाच्या अंकात सुरू झालेली मारामारी दुसऱ्याच्या अंकात संपते, म्हणजे वाचणाऱ्याने सगळेच अंक विकत घ्यावेत. संपादकांच्या खोलीत भिंतभर तक्ता लावलाय. कोण कुठल्या भागात कुठे आहे, ते रंगीत टाचण्यांनी दाखवलेलं. आपल्या मिस व्हिसलच्या टाचणीवर काळी फुली आहे.

आमची संपादक नोरा गॅरिटी. तिशीची पोरगी आहे, पेन्सिली चावते, मनाने चांगली आहे. म्हणाली, "एमिल, नाइलाज आहे. 'महाग्रहणा'च्या नवव्या भागात सगळे नायक पुलावर मिस व्हिसलच्या टोपीभोवती माना खाली घालून उभे आहेत. ॲडमिरल कोबाल्ट म्हणतो, 'ती शिट्टी आता पुन्हा कधीच ऐकू येणार नाही.' ती पानं छपाईला गेलीसुद्धा. ती कशी मरते ते तू ठरव, पण बावीस पानांत मार."

मी म्हटलं, माझं काम चित्रं काढायचं, लिहिणाऱ्याला सांग. तर म्हणते, "लिहिणारे सात आले नि सात गेले. शेवटचा अंक तूच लिही. तुझ्याच डोक्यातून जन्मली ना ती?"

तीन आठवडे झाले, बसलोय. पुलावरून पाडून पाहिली, जाळून पाहिली, कड्यात ओढून पाहिली. दर वेळी ती माझ्याकडे बघते आणि 'एवढंच?' असं विचारते. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिला पहिल्यांदा काढलं होतं, आठवतं? तेव्हा कसं भराभर सुचत होतं.

तुला काही सुचलं तर कळव. सहज विचारतोय.

अँडीला नमस्कार.
तुझा,
एमिल


मॅकीजपोर्ट, पेनसिल्व्हेनिया
१५ सप्टेंबर १९८५

एमिल,

अँडीचा गुडघा बरा आहे. दुखतो तो दुसरा. कारखाना बंद झाल्यापासून नवरोबा चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पारीत बटाटा भरून शुक्रवारचे पिरोही करतो आणि त्यांना शिकवतो, त्यामुळे तिथे सध्या दुसरं महायुद्ध चालू आहे. मी शाळेची बस चालवतेच आहे. झालं कुशल.

"सहज विचारतोय" म्हणे. चोवीस वर्षांत तू मला सहज काही विचारलेलं नाहीस. आणि विचारायला हवं होतं तेव्हा तर मुळीच नाही.

"मी तिला काढलं." काढलंस रे बाबा. कोण नाही म्हणतंय? पण सांगत कोण होतं? तू बटाटे सोलत बसायचास आणि मी म्हणायचे, एक मुलगी आहे, ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारते आणि धावती मालगाडी थांबते. तू बटाटा टाकून पेन्सिल घ्यायचास. त्या निळ्या वहीत अक्षर कोणाचं होतं? सत्तावीस गोष्टी होत्या तिच्यात. "न्यूयॉर्कला दाखवतो, पंधरा दिवसांत वही परत आणतो," म्हणून घेऊन गेलास.

त्यानंतर मला वही दिसली नाही. औषधांच्या दुकानात मासिकांच्या स्टँडवर अंक दिसला. 'कथा व चित्रे : एमिल ह्रुस्का.' मी वीस वर्षांची होते. दुकानदार म्हणाला, "तुझ्या भावाचं डोकं काय चालतं गं!" मी म्हटलं, "हो ना." आणि घरी येऊन भांडी घासली. आईला कधी सांगितलं नाही. तू तिचा लाडका होतास, शिवाय ती तो अंक टेबलक्लॉथखाली जपून ठेवायची.

तुला वाटत असेल, नंतर मी ते मासिक हातात धरलं नसेल. दोनशे अकराच्या दोनशे अकरा वाचलेत. डेपोत, बसमध्ये, एकटी बसून. एकशे चाळिसाव्यात तुमच्या कुठल्याशा शहाण्याने तिला नवऱ्यासाठी केक करायला लावला, तेव्हा अंक खिडकीबाहेर भिरकावला. मग खाली उतरून उचलून आणला.

आता तुझ्या त्या भानगडीचं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मला हसूच आलं. एमिल, प्रेत कुठे आहे?

टोपी आहे. रडणारे आहेत. कोबाल्ट म्हणतो, शिट्टी पुन्हा ऐकू येणार नाही. बरोबरच बोलतो तो. शिट्टी गेली. बाई गेलीय असं कोण म्हणालं?

तिला पुलाच्या मधोमध उभी कर. समोर ते तुमचं काळं कडं. तिला ठाऊक आहे की एवढ्या मोठ्या गोष्टीला थांबवायचं तर सगळा दम एकाच शिट्टीत ओतावा लागेल आणि मग छातीत पुन्हा तशी शिट्टी उरणार नाही. ती क्षणभर विचार करते. तो क्षण एक पूर्ण पान दे, तिथे बोलणं घालू नकोस. मग मारते. कडं फुटतं. ती पुन्हा बोटं तोंडात घालते, नुसती हवा येते. टोपी काढते, कठड्यावर ठेवते, केस मोकळे सोडते आणि चालत पूल उतरते. सगळे नायक आकाशाकडे बघतायत, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. वारा आला की टोपी कठड्यावरून पुलावर पडेल आणि त्यांना तेवढीच सापडेल.

आणि मग तिला नोकरी लागू दे. इतकी वर्षं ती जगाच्या गाड्या थांबवतेय, आता एखादी चालवू दे. शेवटच्या चौकटीत ती बसच्या चाकामागे. दारातून एक म्हातारी विचारते, "ही बस बाजारात जाते का गं?" आणि ती म्हणते, "या, बसा."

अट काही नाही. घालायची असती तर तेव्हाच घातली असती. हे तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी लिहिलंय.

लीडा


क्वीन्स
२९ सप्टेंबर १९८५

प्रिय लीडा,

तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसून वाचलं. पियानोवाली बाई मला ओलांडून गेली.

आधी कबुली देतो, कारण नंतर मला गमती सांगायच्या आहेत आणि गमतीच्या आडोशाला मी नेहमीच लपतो.

१९६१ साली मी त्या कचेरीत उभा होतो. समोरच्या गृहस्थांनी वही चाळली, माझी चित्रं पाहिली आणि विचारलं, "हे लिहिलंय कोणी?" मी म्हणालो, "मीच." बस, एवढंच. कोणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. त्यांनी सहज विचारलं आणि मी सहज म्हणालो. वाटलं, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू. मग करार झाला, मग पहिला अंक निघाला. मग दर अंकाबरोबर ते बोलणं आणखी जड होत गेलं. एका संमेलनात कोणीतरी विचारलं, ही कशी सुचली? मी सांगितलं, एकदा सकाळी दाढी करताना. ती दाढीची गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की मला तो आरसासुद्धा आठवतो. वही माझ्याकडे आहे. कपाटात सगळ्यात वर. मी ती कधी टाकली नाही आणि पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर कधी उघडलीही नाही.

सोमवारी मी नोराच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. तिला आधी तुझी गोष्ट सांगितली, पुलापासून बसपर्यंत. ती पेन्सिल चावायची थांबली. मग खुर्चीतून उठून नाचायलाच लागली. "प्रेत नाही! एमिल, प्रेतच नाही! हे तुला आधी का नाही सुचलं?"

मी म्हटलं, "मला आत्ताही सुचलेलं नाही. माझ्या बहिणीला सुचलंय. आणि मिस व्हिसलही तिलाच सुचली होती."

सगळं सांगितलं. वही, अक्षर, दाढी. तिने पेन्सिल टेबलावर ठेवून दिली. मला वाटलं, संपलं आता. मग म्हणाली, "चोवीस वर्षं? आणि आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"भीती वाटत होती."

"आता नाही वाटत?"

"वाटते. पण बसची चौकट मला काढायचीय, आणि माझ्या नावाखाली ती काढता येणार नाही."

मग आम्ही मोठ्या साहेबांकडे गेलो. 'महाग्रहणा'चा तक्ता त्यांचा, टाचण्या त्यांच्या. गोष्ट ऐकून ते लालबुंद झाले. "नवव्या भागातला एक शब्दही बदलणार नाही!"

नोरा म्हणाली, "नकाच बदलू, साहेब. वाचून दाखवू?" आणि तिने छापलेलं पान मोठ्यांदा वाचलं. टोपी. शिट्टी. ऐकू येणार नाही. साहेबांनी ते हातातून ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं. उलटून मागची बाजूही पाहिली, जसं काही प्रेत तिकडे असणार होतं. शेवटी म्हणाले, "मेली कुठे ही?" नोरा म्हणाली, "तेच तर!"

ते मान्य झालं. पण नावाचं निघाल्यावर म्हणाले, "ते जमायचं नाही. इतक्या वर्षांनी नाव बदलायचं म्हणजे माझ्या दारात वकील येतील."

लीडा, मी आयुष्यात साहेब लोकांशी वर मान करून बोललेलो नाही. तुला माहीत आहे. पण त्या दिवशी म्हणालो, "मग माझंही नाव काढा. आणि या अंकाची चित्रं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या." मी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. अंक छपाईला जायला अकरा दिवस होते. म्हणाले, "बरं. माझ्या खोलीतून जा आता."

नोराने बाहेर आल्या आल्या मिस व्हिसलच्या टाचणीवरची काळी फुली काढून खिशात घातली.

सोबत पहिल्या पानाचा नमुना पाठवतोय. नुसतं लीडा नव्हे, तुझं पूर्ण नाव लुडमिला छापतोय. नोरा विचारतेय, आडनाव माहेरचं ह्रुस्का लावायचं की सासरचं बेन्को? आणि त्या एका निःशब्द पानाबद्दल ती म्हणाली, "हे ज्या बाईने सांगितलं तिला मला भेटायचंय."

वही वेगळ्या पार्सलने येईल. रजिस्टर्ड.

माफी मागतो, लीडा. हा शब्द खूप लहान आहे, पण दुसरा सापडला नाही.

एमिल


मॅकीजपोर्ट
१० डिसेंबर १९८५

प्रिय एमिल,

अंक मंगळवारी आला. अँडी सकाळीच दुकानात जाऊन होते नव्हते तेवढे सगळे उचलून आला, म्हणून गावात बाकी कोणाला मिळाला नाही आणि दुकानदार चिडलाय. अँडीने चर्चच्या तळघरात पिरोही भरता भरता तो मोठ्यांदा वाचून दाखवला. बायका म्हणे रडल्या. फादर म्हणाले, यात चर्च कुठे आहे? त्या बायकांतली मिसेस कोवाच म्हणाली, पुलाच्या पलीकडे, फादर, चित्रात मावलं नाही.

पण खरी गंमत डेपोत झाली. मी काही सांगितलं नव्हतं. अँडीनेच सांगितलं असणार, त्याच्या पोटात काय राहतंय! दुपारी मी बस काढायला गेले तर सगळ्या बस रांगेत उभ्या आणि आमची मुकादम डेलोरिस अंक हातात घेऊन पायरीवर. तिने पहिलं पान वाचलं: "कथा : लुडमिला ह्रुस्का-बेन्को. चित्रे : एमिल ह्रुस्का. मिस व्हिसल लुडमिलाच्या वहीत जन्मली." एवढं वाचून तिने हात वर केला आणि अडतीस पिवळ्या बसनी एकदम हॉर्न वाजवला. एमिल, नदीपलीकडे ऐकू गेला म्हणे. मी रडले नाही. डोळ्यांत डिझेलचा धूर गेला.

ते निःशब्द पान. तू ती पुलावर उभी काढलीस ना, बोटं अजून तोंडापर्यंत नेलेली नाहीत. तिच्या चेहऱ्यावर सगळं आहे. मी ते सांगितलं होतं, पण ते तसं दिसतं हे मलाही ठाऊक नव्हतं. हे तुझं. हे मी कोणालाही सांगेन.

तुला माफ केलं असं लिहायला बसले होते. पेन तिथे अडतंय. बरंच झालंय, पण थोडं राहिलंय, खोटं कशाला लिहू? ते कागदावर होण्यातलं नाही. ख्रिसमसला ये. अँडी कोबी घालून पिठाच्या हालुश्की करणार आहे, आईच्या होत्या तशा अजिबात होत नाहीत, तरी आपण छान म्हणू. समोर बसून दोन घास खाल्लेस की राहिलेलंही होईल, असं मला वाटतं.

वही मिळाली. सत्तावीस गोष्टींपैकी तुम्ही लोकांनी एकोणीसच वापरल्यात, आणि त्याही धड नाहीत. पण त्या जुन्या झाल्या. मला आता एक नवी सुचलीय. ती बाई बस चालवतेय आणि तिच्या बसमध्ये एक असा माणूस चढतो, ज्याला कुठे उतरायचं तेच माहीत नाही. पुढचं समोरासमोर सांगेन. कागद मोठे आण, डॉक्टर म्हणाले ते बरोबर आहे. नोरालाही आणलीस तरी चालेल. झोपायला सोफा आहे.

तुझी बहीण,
लुडमिला,
लेखिका

(हा शब्द आधी तीनदा दुसऱ्या कागदावर लिहून पाहिला. मग इथे शाईने लिहिला.)