पोळपाटावरचे पोर्ट्रेट

७ जानेवारी १९३५
शाळेच्या कमिटीची मीटिंग. अध्यक्ष खुशालराव यांनी ठरवून टाकले की जूनपासून ड्रॉइंगचा वर्ग बंद, त्या खोलीत शिवणाचे मशीन. म्हणाले, चित्र काढून कोणाचं पोट भरते मास्तर, शिवण शिकलं त पोरगं निदान स्वतःची चड्डी त शिवते. कमिटी हसली. हेडमास्तरही हसले. लक्षात ठेवले आहे. शेवटी एवढीच सवलत मिळाली की मार्चमध्ये अकोल्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवा, वर्ग राहील.

खुशालरावांची जमीन काळी, मिशा काळ्या, अंतःकरण त्याहून काळे. पुढे एकच सोन्याचा दात. बोलताना तो दात आपल्याकडे बघतो.

संकल्प: लाकडी ठशांची चित्रे. एक ठसा कोरला की प्रिंट कितीही. वऱ्हाडात हे अजून कोणी केलेले नाही, म्हणजे पहिला नंबर झालाच. मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये मी एक वर्ष होतो. पुढे तिथली हवा मानवली नाही.

११ जानेवारी
मटेरियल: बाभूळ. सुताराची पटाशी तुटली. सुतार नाही नाही ते बोलला. अडाणी माणूस, त्याला एक्सपेरिमेंट म्हणजे काय ते कळणार नाही. बाभूळ बाद.

१९ जानेवारी
साग. देवघरातला पाट घेतला. विषय: अंबादेवीचे देऊळ, खाली मोठ्या अक्षरांत 'अमरावती'. कोरीव काम अप्रतिम. छापल्यावर अक्षरे उलटी आली. पाहणाऱ्याने कागद उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहावा, म्हणजे काही अडचण नाही.

विमलने देव खाली का ठेवलेत असे विचारले. बायकोने नवऱ्याच्या कलेत लक्ष घालू नये.

२९ जानेवारी
लिनोलियम. युरोपात आता हेच वापरतात. कँपातल्या क्लबच्या फरशीवरचा टाकून दिलेला तुकडा तिथल्या शिपायाने दिला. कडक होता, म्हणून उन्हात ठेवला. विसरलो. गुळासारखा झाला, त्यात कावळ्याचा पाय उमटला. प्रिंट काढली. पाय फार चांगला आला. बाकीचे नाही.

६ फेब्रुवारी
शाई घरीच. काजळी आणि जवसाचे तेल घ्यावे असे पुस्तकात आहे. पुस्तके इंग्रजांची, त्यांना सरकी माहीत नाही. मी सरकीचे तेल घेतले. वऱ्हाडी कलेला वऱ्हाडी तेल!

१३ फेब्रुवारी
प्रिंट अजून वाळलेली नाही. तिच्यावर माश्या चिकटल्या. विमलच्या नव्या लुगड्यावरही देऊळ उमटले, तेही ओले. ती बोलत नाही. शांततेत काम चांगले होते.

१८ फेब्रुवारी
दाब कमी पडतो आहे, दोष तिथे आहे. पळीच्या पाठीने घासून पाहिले, पाटा ठेवून पाहिला, स्वतः उभा राहिलो. आज कापसाच्या प्रेसमध्ये गेलो. गठाणी दाबायचे ते यंत्र. फोरमनला कलेचे महत्त्व समजावले, त्याने ठसा आणि कागद आत ठेवू दिले. दाब पुरेसा होता. ठशाचे जे तुकडे निघाले ते दात कोरायला बरे. प्रेसमधले सगळे हमाल बघायला जमले होते. दात विचकणारी माणसे मला कुठेही भेटतात.

२२ फेब्रुवारी
खुशालराव वर्गात आले. भिंतीवर माझ्या प्रिंट होत्या. बराच वेळ बघून म्हणाले, मास्तर, हे काय आहे, कोळशाचं पोतं फुटलं का? मुलांसमोर! माझ्या खोलीत! ही खोली गेली तर मी गावात कोण? ड्रॉइंग मास्तर म्हणून निदान नमस्कार तरी करतात.

विमल माहेरी अकोटला. घरात लाकूड शिल्लक नाही. फक्त पोळपाट. वर्षानुवर्षे तेल प्यायलेला, गुळगुळीत. सुंदर मटेरियल.

२३ फेब्रुवारी
रागात हात चांगला चालतो. पोळपाटावर खुशालराव कोरला. गाल, पोट, बारीक डोळे. गाढवाचे कान लावले. सोन्याचा दात एकच, बाहेर काढलेला. नाकाशी पटाशी निसटली आणि पार पोटापर्यंत गेली. नाक जरा लांबले. चालेल, लोकांच्या भानगडीत तेवढेच खुपसतो.

आयुष्यातले उत्तम पोर्ट्रेट. हे कोणाला दाखवायचे नाही. विमल येण्याआधी रंधा मारून साफ करायचे.

२ मार्च
विमल ठरल्यापेक्षा आधी आली. पोळपाट पाहिला. काय आहे म्हणून विचारले. डिझाइन, म्हणालो. तिने कपाळाला हात लावला आणि त्याच्यावरच पोळ्या केल्या, दुसरा आहे कुठे! प्रत्येक पोळीवर खुशालराव पुसट उठला होता. आज मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कान आधी.

७ मार्च, दुपार
घात. खुशालरावांच्या घरी उडदाचे पापड, त्यांच्या बायकोने, पार्वताबाईंनी, आळीतल्या बायकांना बोलावलेले, आणि विमल आपला पोळपाट घेऊन गेली! कळले तेव्हा ती त्यांच्या ओसरीवर बसली होती. तिकडे जाण्याची सोय नाही. चांदूर रेल्वेला मावसभाऊ असतो, त्याच्याकडे जावे. बरेच दिवस भेट नाही.

७ मार्च, संध्याकाळ
पिशवी भरून दारात उभा, तोच विमल आली. हसत. म्हणाली, सांगायचं नाही का आधी, उगाच बोलले मी तुम्हाला. पार्वताबाईंनी पहिला पापड उचलला नि कपाळाला लावला म्हणे. सुपासारखे कान, सोंड, एक दात. गणपती! सगळ्या बायकांनी हात जोडले. खुशालरावांनीही जोडले. अकोल्याच्या प्रदर्शनात बायकांच्या विभागात हेच पापड ठेवायचे ठरले.

माणसांना गाढव आणि देव यांतला फरक कळत नाही. पिशवी उपसली.

२५ मार्च, अकोला
बडनेऱ्याला गाडी बदलून आलो. माझ्या प्रिंट कलाविभागात नाहीत. शोधत फिरलो. नांगरांच्या मंडपात सापडल्या, 'काजळीचे उपयोग' अशा पाटीखाली. जज आंधळे आहेत. जजांचे बापही आंधळे असावेत.

पापडांना पहिले बक्षीस. विमलला पदक. खुशालरावांनी भर मंडपात माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, कागद कायले नासत होते मास्तर, पापडावरच काढत जा ना! बक्षीस ते बक्षीस, तुमचा वर्ग राहिला. मग काचेतल्या पापडापुढे त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मलाही जोडावे लागले. गाढवाचे कान असलेल्या खुशालरावापुढे खुशालराव आणि मी शेजारी शेजारी उभे.

गणपती मी मुद्दामच काढला होता. आता विचार केला तर आठवते.

१ एप्रिल
खुशालरावांच्या मुलीचे लग्न वैशाखात. रुखवतात ठेवायला मोठा पोळपाट हवा, त्यावर तस्साच गणपती. लाकूड त्यांनीच पाठवले, जुना साग. कमिटीतले लोक रस्त्यात थांबून बोलतात. हेडमास्तरांनी चहा पाजला. त्यांना माफ करण्याचा विचार आहे.

संकल्प: या वेळी मनात राग नाही. शुद्ध भक्ती.

२४ एप्रिल
संकष्टी पाळली. आंघोळ करून सोवळ्याने कोरतो आहे. धार रोज लावतो, रेषांच्या दिशेने कापतो, अक्षरे आधी आरशात पाहून घेतो. 'श्री' छापल्यावर सुलटा येतो! टेक्निक हातात आले. पटाशी एकदाही निसटलेली नाही. तीन महिन्यांच्या एक्सपेरिमेंटचे सार्थक झाले. वऱ्हाडातल्या ठसाकलेचा जनक म्हणून माझे नाव घेतले जाईल, घेणारे कृतघ्न नसतील तर.

२ मे
पोळपाट नेऊन दिला. ओसरीवर पाहुणे, बायका, कमिटी. पार्वताबाईंनी हळदकुंकू वाहून पहिला पापड लाटला आणि उचलला. त्यांनी पदर तोंडाला लावला. भक्तीने, असे मला वाटले.

पापड वाळत घालणाऱ्या मैनाबाईने मान वाकडी करून पाहिले आणि ओरडली, अव माय, हे त आपले मालकच होत! कान तेवढे हत्तीचे लावले!

मग सगळ्यांना दिसले. मलाही दिसले. तेच गाल, तेच डोळे. हात दुसरे काही काढायलाच तयार नव्हता, मी काय करणार?

खुशालराव उठले. घरातून जुना पापड आणवला. नवा शेजारी धरला. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे. नंतर मला विचारले, मास्तर, आपण अकोल्याले कोणाले हात जोडले? मी म्हणालो, देव सगळ्यांत असतो. कोणीही हसले नाही. पहिल्यांदाच.

४ मे
कमिटीचा ठराव. ड्रॉइंग बंद.

साम्य साधले होते. हे मात्र खुशालरावांनाही नाकारता आले नाही.

१७ जून
शिवणाचे मशीन आले. माझ्या खोलीत ठेवले. भिंतीवरच्या माझ्या प्रिंट काढून कमिटीच्या लोकांनी त्याचे चाक पुसले. शाई अजून ओली होती, चाक काळे झाले. थोडे बरे वाटले.

मशीनचे रिकामे खोके मला घरी न्यायला दिले. देवदार! मऊ, सरळ रेषांचे, ठशाला याहून चांगले मटेरियल नाही. आजवर चुकले ते लाकूड. संकल्प: उद्यापासून पुन्हा सुरुवात.

१८ जून
पटाश्यांना धार लावून आलो तर खोके चुलीत. पावसाळा तोंडावर, घरात वाळलेला तुकडा नाही, काय करू, असे विमल म्हणाली. तिचे पदक भिंतीवर होते, त्यामुळे मी आवाज चढवला नाही.

देवदाराच्या निखाऱ्यावर तिने मार्चमध्ये वाट्याला आलेल्या पापडांतला शेवटचा भाजला. भाजताना गाल फुगले, कान वळून ताठ उभे राहिले, नाक आखडून जागेवर आले. हुबेहूब खुशालराव, हुबेहूब गाढव. विमलला हाक मारून दाखवणार, तोवर तिने तो मोडून माझ्या ताटात टाकला होता.