कणगीचा तळ

प्रिय मांय,

तुला जाऊन दोन पावसाळे झाले. एवढ्या काळात तुझ्या फोटोशी मी पुष्कळ बोलले, सुनेने सासूशी भांडावं तशी भांडलेसुद्धा, पण पत्र लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. फोटोपुढे उभी राहिले की तू अशी बघतेस की माझं बोलणं अर्ध्यावर अडतं. कागदावर मला अडवणारं कोणी नाही. बाबा पेज पिऊन आडवे झालेत, तुझा मुलगा तिकडे मांद्र्याला गाडीत पर्यटक भरून फिरतोय, आणि घरात मी आणि तुझी कणगी, दोघीच जाग्या आहोत. तर आता ऐकून घे.

सकाळी कणगीचं झाकण उचललं आणि आतून पाकोळ्यांचा थवा उठून थेट माझ्या तोंडावर आला! भाताला कीड लागली की उठतात त्या भुरक्या, बारक्या पाकोळ्या. केसांत, पदरात, भिंतीवर, तुझ्या फोटोच्या काचेवरही. हात आत घातला तर भात कोमट लागलं. मूठभर काढून पाण्याच्या बाल्दीत टाकलं. निम्म्याहून जास्त दाणे वर तरंगले, मांय. वरून सगळं धडधाकट भात, आणि आत फोल.

आणि हे खायचं भात नाही. हे बियाणं आहे. तुझा जुन्या जातीचा दामगो! वाड्यावर सगळे सरकारी बियाण्याकडे वळले तेव्हा तू एकटीने धरून ठेवलेला. ‘ह्या भाताची पेज आजाऱ्याक उठयता,’ म्हणायचीस. आता पेरणी तोंडावर आली आहे. हे बी गेलं तर मागून आणायला दुसऱ्या कुणाच्या घरी मूठभरही नाही. सगळा वाडा फिरून विचारून आले मी.

मग काय, कणगी रिकामी करावी, भात खळ्यात उन्हाला घालावं, पाखडावं, कणगी झाडून, सारवून, वाळवून पुन्हा भरावी. शेंबडं पोरही हेच सांगेल. पण तू मला बांधून गेलीस ना!

आठवतं? शेवटच्या आजारात अंथरुणावरून उठवत नव्हतं तुला, तरी म्हणालीस, माका कणगेकडे न्हे. मी आणि ह्यांनी धरून नेलं. तू माझा हात कणगीच्या सारवलेल्या अंगावर दाबून धरलास आणि म्हणालीस, “माज्या मागसून हिचो तळ दिसाक देव नको. तळ दिसलो काय घर बसला.” मी हो म्हटलं. मरणाच्या दारातल्या माणसाला कोण नाही म्हणेल? आणि ऐकायला तुझा मुलगा उभाच होता. तो विसरणार आहे थोडाच!

तशी ही रीत मला नवीन नव्हती. लग्न होऊन मी दोडामार्गाकडून इब्रामपूरला आले, त्या पहिल्याच सुगीला तू मला दाखवलं होतंस. जुनं भात हातभर उरलं की थांबायचं, तळ झाकलेला ठेवायचा, आणि त्याच्यावर नवं ओतायचं. जुन्यावर नवं, वर्षानुवर्षं. मी विचारलं होतं, “पण मांय, खालची कीड वर येणार नाही का हो?” आमच्याकडे सासूला तुम्ही म्हणायची पद्धत. तू किडीचं राहू दिलंस आणि त्या ‘हो’वरच धरलंस मला. “तुमी आनी हो कसला गे? मिया काय तलाठी? तू म्हण!” त्या दिवसापासून तू म्हणतेय. पण किडीचं उत्तर काही तू दिलं नाहीस.

म्हणजे उत्तर होतं तुझ्याकडे, पण ते न्यारंच. तांदूळ पाखडताना सुपात सोंडे वळवळले की मी तोंड वाकडं करायची आणि तू शांतपणे ते खळ्यात कोंबड्यांपुढे झटकायचीस. “त्येंचोय वाटो आसा,” म्हणायचीस. वाटा! मांजराने दुधात तोंड घातलं तर त्याचा वाटा नव्हता, त्याच्या पाठीत लाटणं होतं. सोंड्यांवर मात्र तुझी माया.

पण एक गोष्ट मला तू गेल्यावर कळली. तू असताना बियाणं कधी कणगीत नव्हतंच! ते पेंढ्याच्या मुडीत बांधून चुलीवर टांगलेलं असायचं. वर्षभर धूर खाऊन त्या मुड्या काळ्या झालेल्या, पाकोळीची काय बिशाद तिकडे फिरकायची! तू गेल्यावर तुझ्या मुलाने माझ्यावर उपकार म्हणून नवं स्वयंपाकघर बांधलं. गॅस आला, लाद्या आल्या, उजेडाला मोठं जनेल आलं. चूल गेली. मुड्या खाली उतरल्या आणि टांगायला जागा नाही म्हणून बियाणं कणगीत गेलं, तुझ्या त्या जुन्या तळावर. किडीला पंगत वाढली आम्ही! तुझी चूल मोडली आणि तुझा तळ तेवढा राखला. दोन्ही राखायचं, नाहीतर दोन्ही सोडायचं, एवढी साधी अक्कल आम्हा कुणाला आली नाही.

गावात विचारावं तर प्रत्येकाचं निराळं. शेजारची शेवंती म्हणाली, “भात उकडून ठेव गे, किडो लागणा नाय.” मी म्हटलं, अगं बाई, उकडलेलं बी रुजतं का? तेव्हा कुठे स्वतःच हसली आणि किडीवर म्हणून निगडीचा भाराभर पाला आणून दिला. घातला. पाकोळ्या पाल्यावर बसून आराम करतात. पलीकडच्या वाड्यावरचे म्हातारे काका म्हणाले, कीड बाहेरून येत नाही, ती दाण्याच्या पोटातच असते, आईच्या पोटात पोर असावं तशी. माणसाने उगाच धडपडू नये. कुणी राख सांगितली, कुणी सुक्या मिरच्या. एकाने तर म्हटलं, भात साठवायचंच कशाला, दुकानात तांदूळ मिळतात ना!

आणि तुझ्या मुलाचं औषध म्हणजे गोळ्या. फोनवर म्हणाला, “आयेचो शब्द आसा. तळ काडूचो नाय. मी आयतारा गोळयो हाडतंय, वयल्यावर टाकया, काम जाला.”

मी म्हटलं, “आणि बाबा?”

“बाबा दोन दीस पडवेर न्हिजतले.”

बोलायला काय जातं! मांय, तू गेल्यापासून बाबांची कॉट कणगीला लागून आहे. पाठ कणगीला टेकवून झोपतात. दम्याने रात्र रात्र ढास लागते, तरी तिथून हलत नाहीत. पडवीत हवा आहे म्हटलं तर भिंतीकडे तोंड करतात. शेतकी ऑफिसातल्या मुलीला विचारून आले मी. ती दोन्ही हात हलवत म्हणाली, “काकी, घरात माणसं झोपतात तिथे त्या गोळ्या आणूसुद्धा नका. त्यांच्यातून वायू सुटतो, तो किड्याला मारतो तसा माणसालाही मारतो.” आणि आपली कणगी म्हणजे काय बंद डबा आहे? बांबूच्या विणीवर शेणाचा हात. चार ठिकाणी भेगा. हे तुझ्या मुलाला सांगितलं तर म्हणतो, “सगळे वापरतत, कोण मेलो?”

म्हणजे बघ माझी गत. तळ दाखवायचा नाही हा तुझा शब्द. गोळ्या टाकायच्या हा तुझ्या मुलाचा हट्ट. कॉट हलवायची नाही हा तुझ्या नवऱ्याचा हेका. आणि कीड? ती तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण निदान दोन बाजू तरी मोकळ्या असतात की! मला तेवढ्याही नाहीत. रोज त्या माजघरातून जाते-येते आणि आत कुरकुर ऐकू येते की काय असं वाटत राहतं. जेवण जात नाही. तुझा राग येतो. खरंच येतो, मांय. जिवंत असतीस तर दिवसभर भांडून संध्याकाळी मोकळी झाले असते. तू शब्द घेऊन निघून गेलीस, आता परत कुणाकडे करू तो?

आज पाकोळ्या उठल्या तेव्हा माझा संयम सुटला. मी मोठ्याने म्हणाले, “जळो ती रीत! कसला मेला तळ आणि कसलं काय!”

बाबा कॉटवर बसून होते. हल्ली दिवसभरात चार शब्द बोलत नाहीत ते. मला वाटलं, रागावले. पण ते हळूच म्हणाले, “ती रीत न्हय गो.”

“मग काय?”

“त्या वर्सा पावसात मोठो हूर इल्लो. उबा शेत व्हावान गेला. ती नवी व्हकल. घरात खाणारी तोंडां भरपूर.” कॉटची कड धरली. दम लागला होता. “सकाळी ती कणगेत वाकून करटेन तळ खरवडी. खर्र, खर्र. मूठभर गावला तर गावला. सासू भायरसून विचारी, गावला गो? ही गप्प. नुसतो आवाज.”

आणि बाबांनी नारळाची करवंटी धरावी तसा हात वळवला आणि हवेत खरवडून दाखवलं. मांय, मला तिथे उभं राहवेना.

का नाही सांगितलंस मला? इतकी वर्षं एका ताटात जेवलो आपण! मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल, लक्ष्मी वगैरे. घर बसतं म्हणालीस, मी भ्याले. भूक आठवते म्हणाली असतीस तर मी भ्याले नसते गं, तुला जवळ घेतलं असतं. तळ दिसू नये म्हणून तू जन्मभर हातभर भात झाकून ठेवलंस, सोंड्यांना घातलंस, पण त्या आवाजाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. नवी नवरी होतीस तू. शेजारच्या पोरी त्या वयात फुगड्या घालत असतील.

मी बाबांना विचारलं, “बाबा, मी कणगी रिती केली तर?”

ते फोटोकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नाहीच म्हणतील. मग म्हणाले, “रिती करतलय तर माका भायर बसय. तो आवाज माका आयकाक नाका.”

दोन वर्षं ज्या कॉटवरून हा माणूस हलला नाही, तो एवढं बोलून उठला आणि स्वतःची उशी काखेत धरून दाराकडे बघू लागला. आत्ताच कुठे, असं म्हणत मी त्यांना परत बसवलं. पाठ कणगीला टेकवून का झोपतात ते मला तेव्हा कळलं. तू गेलीस, राखण त्यांनी घेतली.

तर उद्या सकाळी ऊन वर आलं की मी बाबांची खुर्ची पडवीच्याही पलीकडे, आंब्याखाली नेऊन ठेवणार आहे. आणि कणगी रिकामी करणार आहे, तळापर्यंत. शेवंती येतेय मदतीला. गावभर बोलेल ती, बोलू दे. आयतवारी तुझा मुलगा गोळ्या घेऊन येईल आणि आकांत करील, आयेचा शब्द मोडलास म्हणून. त्याला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तो तुझ्यावर जीव टाकतो, म्हणून तर माझी कोंडी आहे. बाबांनी सांगितलं तर ऐकेल कदाचित. कदाचित महिनाभर माझ्याशी बोलणार नाही. सुटले असं मी म्हणत नाही, मांय. एका दाराला नुसती फट दिसलीय.

चांगलं भात निवडून बियाण्याला ठेवीन. निघेल तेवढं निघेल, एक कोपरा पेरण्यापुरतं तरी निघेलच. पुढच्या सुगीला मागच्या अंगणात, पावसाआड, दगडाची एक चूल मांडीन आणि तिच्यावर तुझ्या मुड्या टांगीन. तुझा मुलगा हसेल, हसू दे. आणि तो जुना तळ, तुझ्या हातचा, त्यातलं जे खाण्याजोगं असेल ते कांडून पेज करीन आणि आम्ही तिघं मिळून पिऊ. फेकणार नाही.

तुझा शब्द मोडतेय. पण एक शब्द मी तुला नवा देते, आणि हा कुणाच्या भीतीने नाही. कणगीत मी करवंटी लावणार नाही. खाली वाकून हातानेच काढीन, मूठ मूठ, शेवटच्या दाण्यापर्यंत. बाहेर आंब्याखाली बसलेल्या म्हाताऱ्याला काही ऐकू येणार नाही. तुलाही नाही.

तुझ्याशी भांडायची अजून हौस न फिटलेली,
तुझी सून
सुलभा