सांगलीच्या जिन्यावर

म्हसवड,
ता. ४ फेब्रुवारी १९७८

ती. हिंदुरावदादास,
अंजनाचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तिकडं बर्फ पडतोय म्हणतोस, तर आईनं दिलेली बंडी अंगात घालत जा. इकडं शाळू काढायला आलाय. म्हैस व्याली, रेडी झाली.

मी तापानं फणफणले म्हणून सांगलीचं शिबिर सोडून आले, असं आईनं तुला कळवलंय. मला ताप आला नव्हता.

तिथं पुण्याचे एक सर आम्हां धावणाऱ्यांचा जोर मोजायला आले होते. लांब पळायचा दमसास नव्हे. धाप लागायच्या आत, एका झटक्यात अंगातून किती ताकद निघते ती. जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या एका ढांगेत टाकत वर पळायचं. पायऱ्यांवरच्या पट्ट्यांना घड्याळ जोडलेलं. आधी मुलं पळाली, मग मी. सर आकड्याकडं बघतच राहिले. "बिघडलंय," म्हणाले. मला पुन्हा पळवलं. पुन्हा तेच.

जालिंदर म्हणून साताऱ्याचा एक धावपटू माझ्या मागं पडला होता. तो मोठ्यानं म्हणाला, "सर, ही पोरगी तरी हाय का?"

सगळी हसली. सर हसले नाहीत, तेवढ्यानंच मला बरं वाटलं. काय येडी मी!

सकाळी वजन करायचं सांगून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दार लावलं आणि कपडे काढायला सांगितले. कशाला, म्हणून विचारलं, तर खाली बघत म्हणाल्या, "तू मुलगीच आहेस, असं लिहून द्यायचंय."

दादा, पुढचं मी लिहिणार नाही.

बाहेर सर हसतमुखानं उभे. "सगळं ठीक आहे. पुढच्या शिबिराला तुझं नाव पाठवतो."

मी म्हटलं, "जालिंदरनं सगळ्यांसमोर इचारलं. तुमी बी सगळ्यांसमोर सांगा."

"उगाच विषय वाढवू नकोस."

"मग माझं नाव काढा," म्हटलं, पेटी उचलली आणि एस्टी धरली.

आई म्हणते, कुणाला कळता कामा नये. का म्हणून? मी काय चोरी केली?

काल सरांचा निरोप आला, नाव अजून ठेवलंय. मी उलट निरोप धाडलाय: येते, पण आधी त्याच जिन्यापाशी सगळ्यांना गोळा करा, माझा आकडा मोठ्यानं वाचा आणि जालिंदरला उत्तर द्या. जमत नसेल तर बोलावू नका. तोवर रोज माणगंगेच्या वाळूत पळतेय.

पलटणीत कुणी विचारलं, तर ताप आला होता म्हणून सांगू नकोस. झालं ते सांग.

तुझी बहीणच,
अंजना