डावा गाल आणि पाच तारे

३ मार्च, सकाळी ८
दाढी करताना डाव्या कानाजवळ काळा ठिपका. शाईचा समजून पुसला. गेला नाही. ही म्हणाली, महिनाभर आहे तो, आजच दवाखान्यात जा. मी तिला बजावलं की रांगेत ताटकळण्याचं युग संपलं. निवृत्त शिक्षक संघात याच विषयावर मी चाळीस मिनिटं बोललोय. शेवटी सगळे उभे राहिले. दोघे तर निघूनही गेले, इतके भारावले होते.
संकल्प: डॉक्टर पडद्यावरच.

५ मार्च, ११.२०
त्वचारोगतज्ज्ञ बाईंची व्हिडिओ भेट. सहा मिनिटं, त्यातली साडेचार मी बोललो. त्या म्हणाल्या, ठिपका कुठेच दिसत नाही, त्वचा वयाच्या मानाने फारच नितळ आहे. शिवाय उजेडात फोटो काढून पाठवा, नाहीतर प्रत्यक्ष या, असंही काहीसं. नितळ! समाधानाचा फॉर्म आला. पाच तारे. शेरा लिहिताना रकाना संपला, विचार संपले नाहीत.

९ मार्च
फोटो राहिला. कामं काय कमी आहेत? हिने शर्टाचं एक बटण आणून गालावर ठेवलं. म्हणाली, अजून बटणाखाली झाकतो, पण कडा वेड्यावाकड्या आहेत. म्हटलं, तज्ज्ञ मोठी की बटण? तिने बटण खिडकीत जपून ठेवलं.

१४ मार्च
दुसरी भेट. बाईंनी विचारलं, फोटो का नाही पाठवला? मी म्हणालो, साक्षात मी समोर असताना फोटो कशाला? त्या हसल्या नाहीत. प्रत्यक्ष या, म्हणाल्या. तरीही पाच तारे. माझं मन मोठं आहे.

२१ मार्च
उशीवर रक्ताचा डाग. ब्लेड भिकार. बदललं. हिने पुन्हा बटण लावून पाहिलं. आता झाकत नाही. वाद न घालता बटण परत खिडकीत ठेवलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च, संध्याकाळी ५
संघापुढे ऑनलाइन भाषण: ‘समाधानी रुग्ण’. लेक आलेली. ती मागे उभी राहून एकदा पडद्याकडे बघायची, एकदा माझ्या गालाकडे. भर भाषणात विचारते, बाबा, पडद्यावर डाग कुठाय? मी म्हणालो, हेच तर डॉक्टर म्हणतात! तिने वाकून काहीतरी दाबलं. भाषणात सुरकुत्या दिसू नयेत म्हणून जानेवारीत मीच कॅमेऱ्यातली चेहरा गुळगुळीत करणारी सोय चालू केली होती. ती बंद झाली आणि डाग उगवला. सत्तेचाळीस सभासद पडद्याजवळ सरकले. मग कार्यवाह, जो कधी माइक उघडत नाही, म्हणाला, सर, भाषण राहू द्या, दवाखान्यात जा.
सभा तहकूब. तांत्रिक कारण.

२५ मार्च, दुपारी १, दवाखान्याच्या बाकावर
दीड तास रांगेत. त्याच बाई. भिंग लावून बराच वेळ पाहिलं. विचारलं, दोन्ही वेळा हे होतं? मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी तपासणीसाठी तुकडा काढला. पट्टी बांधली. अहवाल दहा दिवसांनी. मग मला बाहेर बसायला सांगून हिला आत बोलावलं. जाताना पाहिलं, तिच्या मुठीत बटण होतं.
फोनवर फॉर्म आलाय. आजच्या भेटीने आपलं समाधान झालं का?
शेऱ्याचा रकाना उघडा आहे. काही सुचत नाही.
दार अजून बंद आहे.