पाहुणा आल्याशिवाय

सोमवार, ३ मार्च

आजही हे नाही जेवले. ताट जसंच्या तसं आत आणलं आणि कोंबड्यांना घातलं. कोंबड्या बाळसं धरतायत आमच्या.

"कोणी आलं की बसतो," म्हणाले. कोण येणार आहे? नवा रस्ता झाल्यापासून इकडून कुत्रंसुद्धा जात नाही. बस टेकडीपलीकडून जाते. समोर थांब्याचा खांब तेवढा उरलाय, आणि त्याच्याकडे तोंड करून हे ओसरीवरच्या खुर्चीत बसतात, सकाळी आठपासून. धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

दवाखान्यातून घरी आणल्याला अकरा दिवस झाले. तिथे बरे जेवायचे. शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता, दोघं समोरासमोर बसून पानात काही टाकायचे नाहीत. मला वाटलं, तब्येत सुधारतेय. आता डोक्यात प्रकाश पडला — ह्यांच्या लेखी तो पाहुणा होता.

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टर येऊन गेले. वजन अठ्ठेचाळीस.

"काकू, दिवसभरात अर्धा कप दूध आणि चहा, एवढ्यावर माणूस किती दिवस काढेल? पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही, तर दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल."

नळी मी पाहिलीय. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे होते, नाकातली नळी ओढून काढायचे. म्हणून त्यांचे दोन्ही हात कठड्याला बांधले होते. येईल त्याला म्हणायचे, "सोडा हो."

ह्यांचे हात बांधायचे? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

गुरुवार, ६ मार्च

भांडी घासता घासता हिशेब केला — एकेचाळीस वर्षं या घरात. एकेचाळीस वर्षं तोच नियम, सासऱ्यांनी घालून दिलेला. पायरी चढून आलेल्याला आधी पाणी. मग बसायला. मग जेवण. नाव-गाव-काम विचारायचं नाही, त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं. घरातल्या पुरुषाने पाहुण्याबरोबर जेवायचं, आणि घरातल्या बाईने शेवटी. शहरातला असो की खेड्यातला, सगळ्यांना एकच बाकडं.

काय काय माणसं आली! बस चुकलेली, पाय बांधलेल्या कोंबड्या काखेत घेतलेली, शहरातून येऊन उन्हाने लाल झालेली. एक जोडपं सकाळी भांडत आलं, दिवसभर बाकड्यावर भांडलं आणि संध्याकाळच्या बसने हात धरून गेलं. एकाने दोन दिवस मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी पोलीस आले, तो चोर निघाला! पोलिसांनी विचारलं, "नाव काय सांगितलं त्याने?" तर हे म्हणतात, "विचारलं नाही. जेवत होता." पोलिसांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनाही जेवायला वाढलं.

आणि मी? मी ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत, तिथून परत. त्या ओसरीवर मी एकदाही बसलेली नाही. झाडलीय रोज.

आता खरं लिहिते, इथे नाही तर कुठे लिहिणार. कितीदा मनात म्हटलंय — एक दिवस, फक्त एक दिवस कोणी तडमडू नये. नव्या रस्त्यासाठी सह्या गोळा करायला माणसं आली, तेव्हा हे बाजारात होते. मी सही केली. हात पुसून, खुशीने केली. ह्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

मी मागितलं ते मला मिळालं. आणि ते आता ह्यांच्या जिवावर उठलंय.

शुक्रवार, ७ मार्च

पोस्टमनला गाठलं. "भाऊ, जेवायला चल. ओसरीवर बस, काही बोलू नकोस." बिचारा घरून जेवून निघालेला, तरी आला. पाणी प्यायला, भात कालवला.

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ह्याला बोलावून आणलंयस," म्हणाले. "आपल्या पायाने येतो तो पाहुणा." आणि ताट सरकवलं. पोस्टमन घास हातात धरून तसाच बसला.

रविवार, ९ मार्च

लेक आणि जावई आले. मला वाटलं, लेकीकडे बघून तरी खातील. "तुम्ही घरचेच," म्हणाले. "जेवून घ्या. मी थांबतो."

लेक स्वयंपाकघरात येऊन रडली, मग माझ्यावरच उखडली. "आई, तूच लाडावून ठेवलंयस त्यांना. शहरात घेऊन जाते मी." तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. दाराला साखळी, दाराला भोक, भोकातून बघायचं कोण आलंय ते. मी म्हटलं, तिथे नेलंस तर आठ दिवसांत जातील. तिने विचारलं, "आणि इथे?"

जाताना तिचा जुना कोट खुंटीवर विसरली.

मंगळवार, ११ मार्च

आज लाज कोळून प्यायले. टेकडी ओलांडून नव्या रस्त्यावरच्या थांब्याशी जाऊन उभी राहिले. बसमधून उतरेल त्याला म्हणायचं, "जुन्या वाटेने जा हो, वाटेत आमची ओसरी लागते, पाणी प्या." बोलावलं असं नको व्हायला, म्हणून नुसती वाट दाखवायची! एवढी अक्कल लढवली.

एक बाई पर्स छातीशी धरून लांब झाली. दोन तरुण हसले. एक भला माणूस थांबला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्या हातावर ठेवून गेला.

मी तो पुडा उभ्या उभ्या खाल्ला. अख्खा. हे जेवत नाहीत तर मी तरी कशी जेवू? रोज पातेल्यातलं काहीतरी तोंडात टाकते, तेवढंच. तिथे रस्त्याच्या कडेला बिस्किटं खाताना रडू आलं. मी लोकांना वाढणारी बाई. मला भिकारीण समजले.

बुधवार, १२ मार्च

वजन सत्तेचाळीस. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरते. मला "ताई" म्हणाले दोनदा. त्यांची बहीण जाऊन वीस वर्षं झाली.

गुरुवार, १३ मार्च

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

दुपारी दूध मंद आचेवर ठेवून मागे दोरीवरचे कपडे काढायला गेले. वारं सुटलं होतं म्हणून लेकीचा कोट अंगात, डोक्याला स्कार्फ. मागच्या दाराची कडी आतून पडली. जुनं दुखणं, दार आपटलं की पडते. आता पुढून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कपड्यांची पिशवी घेऊन कुंपणाला वळसा घातला आणि पुढच्या पायऱ्या चढले.

हे उठून उभे राहिले. काठीशिवाय.

"या, या. लांबून आलात? बसा." आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं, पाणी आण."

आत कोण होतं पाणी आणायला? मी कशीबशी म्हणाले, "बाई कामात असतील, मीच घेऊन येते." आत धावले, उतू चाललेलं दूध उतरवलं, दोन पेले, दोन ताटं वाढून घेतली. परत आले तर बाकड्याकडे हात करून म्हणाले, "बसा."

बसले. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिथून रस्ता छान दिसतो, मला माहीतच नव्हतं.

सात घास जेवले. मी मोजले. माझं ताट मी चाटूनपुसून साफ केलं.

ओळखलं नाही मला. नवऱ्याने ओळखलं नाही म्हणून हरखून जाणारी मीच पहिली असेन. आणि मग न्हाणीघरात तोंड धुताना ते आतपर्यंत लागलं.

शुक्रवार, १४ मार्च

दूध चुलीवर, कोट, स्कार्फ, पिशवी, मागचं दार, कुंपण. शेजारीण टपलेली होतीच. "कुठे निघालात नटून?"

"पाहुणी म्हणून."

"कोणाकडे?"

"आमच्याकडेच."

तिने काळजीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, दोघांचंही डोकं गेलं.

अकरा घास.

शनिवार, १५ मार्च

ह्यांनी मला काही विचारलं नाही. नियम म्हणजे नियम. पण स्वतः बोलले, पुष्कळ बोलले. घरात माझ्याशी दिवसाला चार शब्द, आणि पाहुणीशी तासभर!

"आमच्या घरातली जरा तापट आहे," म्हणाले. "एकदा चौदा माणसं आली, आणि पीठ संपलं. ती आत रडत होती. मला इथे ऐकू येत होतं. मी उठलो नाही. पाहुणे बसले होते ना."

मी ताटात बघत राहिले. त्या दिवशी मला वाटलं होतं, कोणाला ऐकू गेलं नाही.

मग म्हणाले, "नव्या रस्त्याच्या कागदावर तिची सही होती. मी पाहिली. बरोबरच केलं तिने. फार दमली होती."

मी पाहुणी. मी काय बोलणार? "भात घ्या अजून," एवढंच म्हणाले, आणि ते पाहुणीने म्हणायचं नसतं हे नंतर लक्षात आलं.

मागची कडी कोणीतरी दोरीने खिळ्याला बांधून टाकलीय, पडू नये म्हणून. मीच बांधली असेन. हल्ली माझंही डोकं ठिकाणावर नसतं.

सोमवार, १७ मार्च

आज "पाणी आण" अशी हाक मारली नाही. स्वतः उठले, आत गेले, पेला घेऊन आले. अर्धं पाणी वाटेत सांडलं, बाही ओली. माझ्यापुढे पेला धरून उभे राहिले.

एकेचाळीस वर्षांत मला कोणी पाणी आणून दिलं असेल तर बाळंतपणात, तेही आईने. ते अर्धा पेला पाणी मी किती वेळ पीत होते.

मंगळवार, १८ मार्च

वजन अठ्ठेचाळीस आणि वर चारशे ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, "काय केलंत काकू?" मी म्हटलं, "पाहुणे येऊ लागलेत." डॉक्टरांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि बॅग बंद केली. नळीचं नाव काढलं नाही.

गुरुवार, २० मार्च

जीव वाचला म्हणून खूश व्हायचं, तर आजचा दिवस भलताच गेला. सकाळी ह्यांचं डोकं पुसत होते. माझ्याकडे बघितलं ते भिंतीकडे बघावं तसं. "ताई, ती कुठे गेली?" म्हणाले. मी म्हटलं, "कोण ती?" तर दाराकडे बघायला लागले.

मी इथेच आहे. टॉवेल माझ्या हातात आहे. पण ओळख नाही, हसू नाही. ते सगळं दुपारी त्या कोटवालीला. तिच्यासाठी उठून उभे राहतात, पाणी आणतात. मला तिचा हेवा वाटतो, काय म्हणावं याला! एकदा वाटतं, स्कार्फ काढून समोर उभं राहावं, म्हणावं, बघा, मीच. पण मी घरची ठरले आणि उद्या ताट सरकवलं तर? पुन्हा नळी, पुन्हा ते बांधलेले हात.

म्हणजे ह्यांना जगवायचं तर मी परकीच राहायचं. मरेपर्यंत. राहीन. पण कोणीतरी एकदा मला विचारावं, जमेल का तुला.

शुक्रवार, २१ मार्च

आज पूर्ण ताट संपवलं. पाहुणी निघाली तेव्हा काठी टेकत पायरीपर्यंत सोडायला आले. "येते," मी म्हटलं. "या, पुन्हा या," म्हणाले. मग वाकून, शेजारणीच्या कानावर जाऊ नये अशा बेताने —

"कडी मी बांधून ठेवलीय, पडायची नाही. मागून ये पटकन, दूध उतू जाईल."